पळी मिळणार नाही

अहो, तुमचं जाळं अजून पडवीतल्या खुंटीलाच आहे. प्रशांत काढायला निघाला होता. "आई, लोक भेटायला येतात, पायात येतं," म्हणाला. मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा जाळं सोडून अंगणात जाऊन उभा राहिला. मग मलाच कसंतरी झालं. बाप गेलाय त्याचा, आणि मी जाळ्यावरून पोराला बोलते. पण तुम्ही असता तर तुम्हीही असेच खेकसला असता. म्हणून समजूत वगैरे काढली नाही, नुसता चहा नेऊन दिला.

तुमचा फोटो लावलाय, हार घातलाय. कोणता फोटो ते ऐका. प्लँटमधून रिटायर झालात त्या दिवशीचा. हातात शाल आणि नारळ, आणि चेहरा असा, जसं काही शाल कुणाच्या तरी घरून उचलून आणलीय. पेपरात द्यायचा मजकूर प्रशांतनं लिहिला, मनमिळाऊ, कष्टाळू आणि धार्मिक वृत्तीचे. धार्मिक म्हणे. एकादशीच्या दिवशी बंधाऱ्यावर मरळ धरत बसणारा माणूस. मी तसंच छापून येऊ दिलं.

मला तुमच्याशी पळीबद्दल बोलायचंय. बाकीची आपली भांडणं मिटली. काही तुम्ही जिंकलात, बरीचशी मी. हे एकच अर्धं राहिलं. माझ्या आईची फोडणीची लोखंडी पळी तुम्हाला शिसं वितळवायला हवी होती. मी दिली नाही. वर्षानुवर्षं मागितली तुम्ही, आणि मी शेवटपर्यंत दिली नाही. आता तुम्हीच नाही, आणि पळी स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेली आहे. सकाळी उठून ओट्याशी गेलं की पहिली तीच दिसते. मला एवढंच कळायला हवंय, की तुम्ही ती मागणी मनात घेऊन गेलात का.

तुम्हाला मासे धरायचं वेड कुठून लागलं, देव जाणे. तुमच्या घरात कोणी नदीत पाय बुडवला नव्हता. एकलहऱ्याला विजेच्या प्लँटमध्ये लागलात, बॉयलरवर ड्युटी, आणि ड्युटी सुटली की घरी येण्याऐवजी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पुंजाभाऊंजवळ जाऊन बसायचे. पुंजाभाऊ भोई, त्यांचा तो पोटापाण्याचा धंदा; तुम्हाला नाना म्हणायचे. त्यांनी तुम्हाला जाळं फेकायला शिकवलं, मग विणायला शिकवलं, आणि मग एक दिवस तुम्ही मला सांगायला लागलात की फेकजाळ्याचा सगळा जीव त्याच्या काठाला असतो. काठाला शिशाचे मणी ओवायचे. मणी जड आणि सारखे असले तर जाळं गोल उघडतं आणि मासा पळायच्या आत तळाला बसतं. बाजारातले मणी भेसळीचे, म्हणून ते घरीच ओतायचे. मी म्हटलं, ओता की, माझं काय जातंय. कुठून दुर्बुद्धी झाली आणि असं बोलले.

पहिलं गेलं ते दुधाचं पातेलं. अॅल्युमिनियमचं, चांगलं मोठं. तुम्ही परसात चूल मांडली, टायरवाल्यांकडून गोळा करून आणलेले शिशाचे तुकडे त्यात टाकले आणि खाली असा जाळ केलात की लग्नाचं वऱ्हाड जेवेल. आयुष्यभर बॉयलर सांभाळणारा माणूस, ज्याच्या जाळावर अर्ध्या जिल्ह्याचे दिवे लागतात, त्याला घरची चूल किती पेटवायची ते कळू नये. पातेल्याचं बूड आधी खाली लोंबलं, मग फाटलं, आणि सगळं शिसं निखाऱ्यांत. तुम्ही वाकून बघत म्हणालात, "अॅल्युमिनियम चालत नाही वाटतं."

नाही चालत. ते मला पातेलं गेल्यावर सांगताय.

मग पावडरचा जुना डबा आणलात. पत्र्याचा आहे, हा तर लोखंडच, म्हणालात. डब्याला उभा जोड होता, कथलाचा डाग देऊन सांधलेला. शिसं वितळायच्या आधी तो डागच वितळला आणि डबा शेंगेसारखा उकलला. त्यानंतर माझ्या लग्नातल्या आहेराचं स्टीलचं पातेलं नेलंत, तुमच्या मावशीचं नाव घातलेलं. ते टिकलं, पण त्याला ना दांडा ना ओतायला चोच. सांडशीत धरून ओतताना सांडशी सरकली आणि परसातल्या फरशीवर शिसं पसरलं. तो डाग अजून आहे. कितीदा खरवडला, निघत नाही, उन्हात चमकतो. काल त्याच्याजवळ मी बराच वेळ बसले होते. शेजारच्या ताई म्हणाल्या, आत चला, ऊन लागेल. त्यांना काय सांगणार, की माझा नवरा इथं सांडलाय म्हणून.

आणि तो पावसाळ्यातला दिवस. मण्यांचा साचा ओला राहिला होता, तुम्हाला दम नव्हता. ओल्या साच्यात शिसं ओतलंत आणि ते उडालं. डोळे वाचले ही आईभवानीची कृपा. दंडावर वाटाण्याएवढा चट्टा उठला तो जन्मभर राहिला. मी दवाखान्यात नेताना तुम्हाला इतकं बोलले की रिक्षावाला मागं वळून म्हणाला, "ताई, जाऊ द्या, लागलंय त्यांना." तुम्ही त्यालाच म्हणालात, "बोलू द्या हो, तिनं बोलणं थांबवलं तर घाबरायचं." तेव्हा हसण्यावारी नेलं मी. आता ते वाक्य राहून राहून आठवतं.

त्या दिवसापासून पुंजाभाऊंनी मलाही नियम शिकवले, कारण तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. भांडं लोखंडाचंच पाहिजे, जाड बुडाचं, बिनजोडाचं. बूड रुंद, म्हणजे चुलीवर कलंडत नाही. लांब दांडा, ओतायला चोच. काम उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन. साचा कोरडा ठणठणीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिसं एकदा लागलं की ते भांडं स्वयंपाकाला कायमचं बाद. "घासून जात नाय, वैनी. त्यात पाणीबी तापवायचं नाय. ते इख अंगात भिनतं." मावशीच्या नावाचं पातेलं मी त्याच दिवशी परसातल्या कोनाड्यात टाकलं. तुम्ही मग पुंजाभाऊंकडं जाऊन ओतायला लागलात, कशात ते मी कधी विचारलं नाही.

हे सगळं मला पाठ होतं, तुम्हालाही पाठ होतं. म्हणून तर तुम्ही पळी मागितलीत तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आई गेली ते आठवतंय तुम्हाला. नामपूरला माहेरी आपण पोचेपर्यंत तिला नेलंही होतं. कांद्याचे ट्रॅक्टर रस्त्यात अडकलेले, मार्केटचा दिवस, आपली गाडी मागं. मी घरात शिरले तर अंगण सारवून झालेलं. तोंड बघायला मिळालं नाही मला. कुणाला बोल लावायचा, ट्रॅक्टरवाल्यांना? वहिनीनं निघताना पळी हातात दिली. म्हणाली, ताई, आमच्याकडे आता सगळं स्टीलचं आहे, तुम्ही न्या. माझ्या आजीसाठी गावच्या लोहारानं ठोकलेली ती पळी. एका लोखंडातून काढलेली, हातभर दांडा, खोल वाटी, कडेला तेल सोडायला चोच. आई ती कुणाला धरू द्यायची नाही. मी लहानपणी मागायचे तर तिच्या अहिराणीत म्हणायची, "हाई मन्ही मायनी पयी शे. लोखंड जपशी, ते लोखंड तुले जपी."

घरी आले आणि मी बोलणंच सोडलं. ठरवून नाही. शब्दच येईनात. स्वयंपाक करायचे, धुणं धुवायचे, प्रशांतला डबा द्यायचे, पण तोंड उघडायचं नाही. रडूही येईना. तुम्ही डॉक्टरकडं नेलंत, त्यांनी गोळ्या दिल्या, त्यानं झोप यायची फक्त. शेजारणी येऊन आईच्या आठवणी काढायच्या, मी त्यांच्याकडं भिंतीकडं बघावं तशी बघायचे. घरात कढईचा आवाज आणि तुमचा आवाज, एवढेच दोन.

आणि अशात एका दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात आलात, खिळ्यावरची पळी काढलीत, उलटसुलट करून बघितलीत, बुडावर बोट वाजवलंत आणि म्हणालात, "सुमन, शिसं वितळवायला हे एक नंबर भांडं आहे. देते का?"

काय काय बोलले मी त्या दिवशी, मला सगळं आठवत नाही. तुमचं खानदान काढलं, तुमच्या पुंजाभाऊंचं काढलं, नदीतल्या माशांचंही काढलं असेल. माझ्या आईची राख थंड झाली नाही आणि हा माणूस तिच्या पळीत विष शिजवायला निघालाय. पळी तुमच्या हातातून हिसकावली आणि बोलता बोलता मला रडू फुटलं. आई गेल्यापासून पहिलं. ओट्याला टेकून मी इतकी रडले की पोळी तव्यावर कोळसा झाली. तुम्ही गॅस बंद केलात आणि बाहेर निघून गेलात. मी मनात म्हटलं, दगड आहे हा माणूस. शिशाचा गोळा.

त्यानंतर तुम्ही कानाला खडा लावाल असं कुणालाही वाटलं असतं. पण छे. पंधरा दिवस गेले की तुमचं सुरू. "पळी देते का?" मी गप्प बसलेली दिसले की हमखास. आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं की हमखास. मी चिडायचे आणि मग चिडता चिडता सांगायचे, की या पळीत आई वाटल्या डाळीच्या फुनक्यांबरोबरच्या कढीला लसणाची फोडणी कशी द्यायची, पळी लाल होईपर्यंत कशी तापवायची, फोडणीसकट ती कढीत बुडवली की आवाज गल्लीच्या टोकाला कसा जायचा. तुम्ही जाळं विणत ऐकायचे. मीही तशीच फोडणी द्यायला लागले आणि तो चर्र आवाज झाला की तुम्ही पडवीतून जाळं सोडून आत. ताट घेण्याआधी एकदा पळीकडं बघायचं आणि विचारायचं, "मग, देते का?"

मी म्हणायचे, "मी मेल्यावर घ्या."

तुम्ही म्हणायचे, "तोवर थांबतो की."

हे आपलं ठरलेलंच होतं. प्रशांतच्या लग्नात जेवणावळीत सुद्धा तुम्ही सगळ्यांसमोर मागितलीत. नव्या सुनेला वाटलं, सासूबाईंकडे कसली तरी सोन्याची पळी आहे. शेवटचं मागितलंत ते त्या रविवारी. जाळं जवळजवळ झालं होतं, काठाचा हातभर तुकडा मण्यांवाचून राहिला होता. उन्हात बसून म्हणालात, "एवढंच राहिलंय. पळी दिली तर संध्याकाळपर्यंत होईल." मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, मी मेल्यावर. तुम्ही म्हणालात, थांबतो. आणि मंगळवारी तुम्ही गेलात. थांबतो म्हणणारा माणूस मला न विचारता पुढं निघून गेला. असं कुणी करतं का?

मी चुकले असं मी म्हणणार नाही. ती पळी शिशाला द्यायची नव्हतीच. आजही कुणी मागितली तर नाहीच म्हणेन. पण तुम्हाला प्लँटच्या गाडीतून नेलं, आणि घर रिकामं झालं, आणि सुतकातला बिनफोडणीचा स्वयंपाक सुरू झाला. पिवळं वरण, वाफेवरची भाजी. फोडणी नाही म्हणजे पळी खाली उतरायचा प्रश्नच नव्हता. ती खिळ्यावर आणि मी तिच्यासमोर. अन्न घशाखाली उतरेना. एकच वाटायचं, की या माणसानं माझ्याकडं उभ्या जन्मात दुसरं काही मागितलं नाही. ना साडी नेसून दाखव म्हणाले, ना अमुकच शिजव म्हणाले. एक पळी मागितली, तीही मी दिली नाही.

म्हणून मी मनाशी ठरवलं होतं. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवतील, कावळा शिवायचा नाही, मला खात्रीच होती. मग लोक नेहमीसारखे बोलायला लागतील. प्रशांत म्हणेल, आईला सांभाळतो. तुमचे भाऊ म्हणतील, घरची काळजी करू नको. कावळा कशाला येतोय. आणि मग मी पुढं होईन आणि सगळ्यांदेखत म्हणेन, पळी देते. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. बोलायचं वाक्यसुद्धा मी जुळवून ठेवलं होतं. पदराखाली हात जोडून उभी होते.

शेजारच्या पिंडाजवळची माणसं ताटकळली होती. त्यांच्या म्हाताऱ्याला सगळी आश्वासनं देऊन झाली होती, एक कावळा फांदीवर बसून मान वाकडी करून नुसता बघत होता. प्रशांतनं तुमचा पिंड ठेवला, दोन पावलं मागं सरकला, मी तोंड उघडणार, तोच तो कावळा शेजारच्यांना सोडून सरळ तुमच्या पिंडावर. मला एक अक्षर बोलायला दिलं नाहीत. सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस, कसली म्हणून इच्छा राहिली नाही. तुमच्या बहिणीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि मला, खरं सांगते, अपमान झाल्यासारखं वाटलं. कसली म्हणजे कसलीच इच्छा नाही? मग एवढी वर्षं माझ्या दारात काय मागत होतात? की मागून मागून कंटाळलात, आणि शेवटी नादच सोडलात? हे दुसरं खरं असेल या भीतीनं मी गाडीत परत येताना कुणाशी बोलले नाही. प्रशांत आरशातून माझ्याकडं बघत होता. त्याला त्याच्या आजीच्या वेळची मी आठवत असणार.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. सूनबाई पोरांच्या शाळेसाठी पुण्याला गेली, प्रशांत थांबला. आणि आज सकाळी पुंजाभाऊ आले. रोज येऊन पडवीत बसून जायचे, पण आज हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चहा प्यायले. जाळ्याच्या रिकाम्या काठाला हात लावून बघितला. मग ते गोणपाट माझ्यापुढं ठेवलं.

"वैनी, नानांची वस्तू हाय ही. माज्याकडं पडून व्हती. तुमच्या घरी असाया पायजे."

उघडलं तर बिडाचं एक भांडं. जाड बुडाचं, बिनजोडाचं, लांब दांड्याचं, ओतायला चोच असलेलं. आतून शिशाच्या राखाडी थरानं भरलेलं. शिसं वितळवायला याच्यापेक्षा चांगलं भांडं शोधून मिळणार नाही, एवढं आता मलाही कळतं.

मी विचारलं, "हे कधी घेतलं त्यांनी?"

"लय वर्सं झाली. आम्ही दोघं भंगारबाजारात जाऊन धुंडून आणलं व्हतं. नानांचे सगळे मणी यातच ओतलेले, माज्या परसात."

"लय म्हणजे कधी, भाऊ?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "तुमची आई वारली ना, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात."

आदल्या उन्हाळ्यात. म्हणजे तुम्ही पहिल्यांदा पळी मागितलीत तेव्हा हे भांडं तुमच्याकडं होतं. मला पुंजाभाऊंचाच राग आला. म्हटलं, "मग माझ्या आईची पळी कशाला मागत होते ते? एवढी वर्षं? माझी टिंगल चालली होती का तुम्हा दोघांची?"

पुंजाभाऊंनी मान खाली घातली. पडवीच्या फरशीवर बोटानं रेघ ओढत बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी नाना पळत आले व्हते माज्याकडं. घाम आलेला. मला वाटलं घरात काय झालं. तर म्हनले, बोलली रे पुंजा. माजं खानदान काढलं, पन बोलली. रडली बी. आता वाचली."

प्रशांत दारात येऊन उभा होता.

"मी म्हनलं, आता सांगून टाका, भांडं हाय म्हनून. तर म्हनले, येडा का खुळा. तिला कळलं तर माजं मागणं बंद होईल. मग ती आईचं नाव कशापायी काढंल?"

अहो, असलं कुणी सांगत नाही का? एकदा तरी? मी तुम्हाला दगड म्हटलं, शिशाचा गोळा म्हटलं, आणि तुम्ही ते ऐकून घेत जाळं विणत बसलात. पुंजाभाऊंसमोरच मी तोंडात पदर धरून रडले. तुम्ही गेल्यापासून नीट रडले नव्हते. लोक आले की रडायचं असतं म्हणून रडले होते, तेवढंच. आज तुम्ही जाऊनसुद्धा मला पळीवरूनच रडवलंत, हा काय प्रकार आहे तुमचा.

रडून झाल्यावर मी पुंजाभाऊंना म्हटलं, जाळं पुरं करायचं, आत्ता, आणि आपल्याच परसात. ते म्हणाले, मी घरून ओतून आणतो, तुम्ही कशाला धुरात. मी म्हटलं, भाऊ, माझी तीन भांडी या परसात खर्ची पडली आहेत, चौथं यशस्वी होताना मला बघू द्या.

चूल मांडली. फरशीवरच्या तुमच्या डागाच्या शेजारीच. साचा आधी उन्हात तापवला, मग चुलीजवळ धरला, ओल नावाला नको. प्रशांतनं तोंडाला रुमाल बांधला, मलाही बांधायला लावला, वारा कुठून येतो ते बघून मला बाजूला उभं केलं. जाळ पुंजाभाऊंनी असा ठेवला की भांड्याला कळावं आणि शेजाऱ्यांना कळू नये. शिसं हळूहळू बसलं. दुधावर धरते तशी वर राखाडी साय आली, ती त्यांनी लोखंडी पट्टीनं बाजूला काढली, आणि खाली असं लख्ख दिसलं की मी थक्क झाले. एवढी वर्षं त्या शिशाला शिव्या घातल्या, पण वितळल्यावर ते इतकं देखणं दिसतं हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही कितीदा म्हणायचे, "अगं येऊन बघ तरी एकदा." मी आले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोलत राहिले. त्याचं मात्र वाईट वाटतं.

मणी निघाले, गार झाले. प्रशांतनं ओवले. त्याला जमत नव्हतं, पुंजाभाऊ हात धरून दाखवत होते, आणि त्याची वाकलेली मान मागून अगदी तुमच्यासारखी दिसली. हातभर काठ भरला. जाळं परत खुंटीला लावलं तर खुंटी कुरकुरली. तुमच्या जाळ्याला आता वजन आलं. दोघं उद्या सकाळी बंधाऱ्यावर नेणार आहेत. मलाही चल म्हणतात. जाईन बहुतेक.

ते बिडाचं भांडं मी गोणपाटात बांधून परसातल्या कोनाड्यात ठेवलं, मावशीच्या पातेल्याशेजारी. मग हात साबणानं दोनदा धुतले, पुंजाभाऊंनाही धुवायला लावले, आणि त्यांना म्हटलं, जेवूनच जा.

फुनके वाफवले, कढी केली. सुतक फिटल्यावरची ही पहिली फोडणी. खिळ्यावरची पळी उतरवली. एवढे दिवस न वापरल्यानं लोखंडाला जरा तांबूस झाक आली होती, ती पुसली, तेलाचा हात फिरवला. गॅसवर ठेवून लाल होऊ दिली, जिरं टाकलं, लसूण टाकला, आणि पळीसकट फोडणी कढीत बुडवली. आवाज झाला, आईच्या वेळी व्हायचा तस्साच. मी हातात पळी धरून दाराकडं बघत राहिले. पडवीत काही हललं नाही. जाळं ठेवल्याचा आवाज नाही, चपला नाहीत. कढी उकळून पातेल्याच्या काठाशी आली तेव्हा भानावर आले.

दोघांना वाढलं. मीही चार घास खाल्ले, आज उतरले घशाखाली. पुंजाभाऊ कढी प्यायले आणि डोळे पुसत म्हणाले, तिखट हाय. तिखट नव्हती.

आता भांडी आवरून झाली. पळी घासली, कोरडी केली, परत खिळ्याला लावली. ऐकून ठेवा, दिलेली नाही. रामकुंडावर मी काय बोलणार होते ते विसरा, ते तुम्ही ऐकलंही नाहीत, ते धरायचं नाही. मागायची असेल तर मागा, रोज मागा, मी रोज नाहीच म्हणेन. मी मेल्यावर घ्या म्हटलं होतं, त्यात काडीचा बदल नाही. मी येईन तेव्हा बरोबर घेऊनच येते. तोवर थांबा.